कवडशापासून कॅमेऱ्यापर्यंत



कौलारू घरात दुपारी जमिनीवर पडणारा कवडसा आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. वर कौल जरासे सरकलेले असते. तिथली फट कधी तिकोनी असते, कधी चौकोनी, तर कधी तिला धड आकारही नसतो. पण खाली जमिनीवर उजेडाचा जो ठिपका पडतो तो मात्र वाटोळा! असे का व्हावे? फट तिकोनी असताना कवडसा तिकोनी का नाही?

याचे उत्तर असे की, तो ठिपका फटीचा आकार नव्हेच. ते सूर्याचे चित्र आहे. सूर्य वाटोळा म्हणून कवडसा वाटोळा. खात्री करून घ्यायची असेल तर खंडग्रास ग्रहणाच्या दिवशी कवडशाकडे पाहा. सूर्याची कोर झालेली असेल तेव्हा जमिनीवरचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झालेले दिसतील. म्हणजे आपल्या माजघरात कॅमेरा पहिल्यापासून होताच म्हणायचा. त्यातले चित्र पकडून ठेवायची युक्ती तेवढी माणसाला फार उशिरा सापडली.

ती युक्ती कशी सापडली आणि पुढे कशी सुधारत गेली, याचा इतिहास मी आज तुम्हांला थोडक्यात सांगणार आहे. पण नुसता इतिहास सांगून थांबणार नाही. आज खेड्यापाड्यांत घरोघरी फोन आहे आणि फोनात कॅमेरा आहे. लग्न असो, बारसे असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो, फोटो काढणारे हात पुष्कळ असतात. तरीही म्हाताऱ्या आजीचा एक चांगला, स्वच्छ फोटो हवा असला की घरात शोधाशोध सुरू होते. एकात चेहरा काळा, दुसऱ्यात हललेला, तिसऱ्यात आजी कुठे आहे तेच कळत नाही. मग दोष कोणाचा? यंत्राचा म्हणाल तर ते पटण्यासारखे नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी याहून कितीतरी अवघड साधनांनी उत्तम चित्रे काढून ठेवलेली आहेत. त्यांना ज्या अडचणी आल्या, त्यांतूनच या कलेचे नियम तयार झाले. यंत्र बदलले, पण ते नियम बदलले नाहीत.

अंधाऱ्या खोलीच्या एका भिंतीला बारीक भोक असले, तर समोरच्या भिंतीवर बाहेरच्या देखाव्याचे उलटे चित्र पडते, ही गोष्ट फार जुन्या काळापासून माहीत होती. इसवी सन १००० च्या सुमारास इब्न अल-हैथम या अरबी पंडिताने ग्रहणातील सूर्याचे चित्र अशा भोकातून पाडून त्याचा शास्त्रशुद्ध विचार केला. शिक्षकमित्रांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. खर्च काही नाही. वर्गाच्या खिडक्या-दारे घोंगड्यांनी नीट बंद करा. एका खिडकीत जाड पुठ्ठा बसवून त्याला ज्वारीच्या दाण्याएवढे भोक पाडा आणि समोर पांढरे धोतर ताणून धरा. बाहेर लख्ख ऊन असेल आणि डोळे अंधाराला सरावले असतील, तर धोतरावर अंगणातले झाड खाली शेंडा वर बुंधा असे उभे राहील. झाडाच्या शेंड्याकडून येणारा किरण सरळ भोकातून खाली जातो आणि बुंध्याकडून येणारा वर जातो, म्हणून चित्र उलटे. आता भोक थोडे मोठे करा. चित्र उजळ होईल, पण पुसट होईल. पुन्हा लहान करा. चित्र रेखीव होईल, पण अंधूक दिसेल. उजेड हवा तर रेखीवपणा जातो आणि रेखीवपणा हवा तर उजेड जातो! पुढे भोकाच्या जागी भिंग बसवले तेव्हा ही ओढाताण पुष्कळ कमी झाली, पण ती अजूनही पुरती मिटलेली नाही.

भिंतीवर पडणारे हे चित्र कायमचे टिपून ठेवण्याचे काम पहिल्यांदा साधले ते फ्रान्समधील निसेफोर न्येप्स या गृहस्थाला. १८२६-२७ च्या सुमारास त्याने जस्ती रंगाच्या एका मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबराच्या जातीचा एक पदार्थ फासला आणि तो पत्रा कॅमेऱ्यात घालून आपल्या घराच्या खिडकीतून बाहेरचा देखावा टिपला. जिथे उजेड पडला तिथे डांबर घट्ट झाले आणि उरलेले धुऊन गेले. या एका चित्राला कित्येक तास लागले. इतके की, तेवढ्या वेळात सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेला आणि चित्रातल्या इमारती दोन्ही अंगांनी उजळलेल्या दिसतात. हा पत्रा आज अमेरिकेत टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे जपून ठेवलेला आहे.

पुढे न्येप्सचा भागीदार लुई दाग्येर याने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडीनची वाफ देऊन आणि नंतर पाऱ्याच्या वाफेने चित्र उठवून ही कृती पुष्कळ जलद केली. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये ती जगजाहीर झाली. त्याच्या आदल्या वर्षी दाग्येरने पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले होते. ते पाहणारा चकित होतो. रस्ता भरदिवसाचा, पण त्यावर ना गाडी, ना घोडा, ना माणसांची गर्दी! सगळे शहर ओस पडल्यासारखे वाटते. फक्त एका कोपऱ्यात एक मनुष्य पाय पुढे करून उभा आहे. तो बूट पुसून घेत होता. चित्राला काही मिनिटे लागली. तेवढ्या वेळात चालणारे सगळे चालून गेले आणि त्यांचा मागमूसही पत्र्यावर उरला नाही. जो थांबला, तोच उरला.

या कलेतला पहिला धडा हाच. कॅमेऱ्याला स्थिर वस्तू आवडते. त्या काळी फोटो काढून घेणाऱ्याच्या मानेमागे लोखंडी टेकू देत असत, म्हणजे डोके हलू नये. जुन्या फोटोंतले आपले पणजोबा इतके ताठ आणि गंभीर का दिसतात, याचे एक कारण इथे आहे. कितीतरी सेकंद हसू ओठांवर धरून ठेवणे कोणाला जमणार?

आज फोटो क्षणात निघतो हे खरे. पण तो क्षण नेहमी सारखाच लहान नसतो बरं का! भर उन्हात कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती उघडते, तर संध्याकाळी ओसरीवर तिला सेकंदाचा दहावा-पंधरावा भाग लागतो. तेवढ्यात हात थरथरतो आणि चित्र हलते. म्हणून उजेड कमी असला की फोन दोन्ही हातांनी धरावा, कोपरे बरगड्यांना टेकवावीत आणि श्वास क्षणभर रोखून मग बटण दाबावे. खांब, भिंत, बैलगाडीचे चाक, जे जवळ असेल त्याचा टेकू घ्यावा. लोखंडी टेकू गेला, पण त्यामागचा विचार अजून कामाचा आहे.

या स्थैर्याचे फार सुंदर फळ आपल्या दादासाहेब फाळक्यांनी दाखवले. चित्रपट काढण्याआधी ते गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा करीत असत. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि रोज थोडेथोडे चित्रण करून अंकुर फुटून रोप कसे वाढते, हे मिनिटा-दोन मिनिटांत पडद्यावर दाखवले. ही गोष्ट कोणत्याही शाळेत फोनवर होण्यासारखी आहे. खिडकीत कुंडी ठेवा, फोन ठेवण्याची जागा खडूने आखून घ्या आणि रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून एक फोटो काढा. महिनाभराने मुलांना जे दिसेल ते पुस्तकातल्या धड्याहून अधिक लक्षात राहील.

दुसरी गोष्ट उजेडाची. १८४० मध्ये व्हिएन्नाच्या योझेफ पेट्सवाल या गणितज्ञाने माणसांच्या चित्रांसाठी खास भिंग तयार केले. आधीच्या भिंगांपेक्षा त्यातून कितीतरी जास्त उजेड आत येई. त्यामुळे वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला आणि माणसांचे फोटो काढण्याचा धंदा शक्य झाला. तरीही उजेड पुरेना, म्हणून फोटोग्राफर आपला स्टुडिओ इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर थाटीत आणि त्याला काचेचे छप्पर करीत. काचेखाली पडदे असत. ते सरकवून कोणत्या बाजूने, किती उजेड घ्यायचा हे ठरवीत. आमच्या देशात बरेच स्टुडिओवाले उत्तरेकडचा उजेड पसंत करीत, कारण त्या बाजूने ऊन सरळ आत येत नाही आणि उजेड मऊ असतो.

आपल्याला काचेचे छप्पर नको. आपली ओसरी आणि पडवीच पुरे आहे. भर दुपारी अंगणात कोणाचा फोटो काढला, तर डोक्यावरच्या सूर्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो, पागोट्याची किंवा पदराची सावली अर्ध्या चेहऱ्यावर पडते आणि माणूस डोळे बारीक करतो. त्याच माणसाला ओसरीच्या कडेला, सावलीत, अंगणाकडे तोंड करून बसवा. अंगणातला उजेड त्याच्या चेहऱ्यावर सारखा पसरेल आणि सुरकुत्यासुद्धा सुरेख दिसतील. चेहऱ्याची एक बाजू काळी वाटली, तर त्या बाजूला कोणाला तरी पांढरे धोतर किंवा चादर धरून उभे करा. उजेड तिच्यावर आपटून चेहऱ्यावर येईल. सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर उघड्यावरचा उजेडही असाच सौम्य असतो.

माणसाला खिडकीकडे किंवा दाराकडे पाठ करून मात्र बसवू नका. कॅमेरा मागचा झगझगीत उजेड पाहून सगळे चित्र दाबतो आणि चेहरा काळा पडतो. जागा बदलणे शक्यच नसेल, तर फोनच्या पडद्यावर चेहऱ्याच्या ठिकाणी बोट टेकवा, म्हणजे यंत्राला कळते की आपल्याला चेहरा हवा आहे, खिडकी नको. आणि फ्लॅशवर फार भिस्त ठेवू नका. दिव्याचा उजेड अंतर दुप्पट झाले की चौथाई होतो, तिप्पट झाले की नवव्या हिश्शावर येतो. त्यामुळे स्नेहसंमेलनात शेवटच्या रांगेतून मारलेला फ्लॅश रंगमंचापर्यंत पोचतच नाही. पुढच्या रांगेतल्यांची डोकी तेवढी उजळतात!

आता आपल्या इलाख्याकडे येऊ. नवी कला मुंबईला पोचायला वेळ लागला नाही. १८५४ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित हौशी फोटोग्राफर आणि या संस्थेचे सभासद होते. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्यांनी तर हा व्यवसायच पत्करला. मुंबई सरकारने विजापूर, बदामी अशा ठिकाणच्या जुन्या वास्तूंचे फोटो काढण्याकरिता १८५५ मध्ये थॉमस बिग्ज या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक केली.

त्या काळच्या कष्टांची आज कल्पना येणार नाही. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने काचेवर कलोडियन नावाचा चिकट पदार्थ ओतून तिच्यावर चित्र घेण्याची कृती काढली. चित्र फार रेखीव येई, पण काच ओली आहे तोवर सगळे उरकावे लागे. म्हणजे जिथे फोटो काढायचा तिथेच काळा तंबू ठोकायचा, आत काच तयार करायची, धावत जाऊन कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि परत तंबूत येऊन ती धुवायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत! आपल्या उन्हाळ्यात तर काच आणखी लवकर वाळे. तंबू, औषधांच्या बाटल्या, काचा, पाणी असा बैलगाडीभर संसार घेऊन हिंडणारा मनुष्य एका काचेसाठी किती विचार करीत असेल! कुठे उभे राहायचे, सूर्य कुठे येईल, चौकटीत काय घ्यायचे आणि काय गाळायचे, हे सारे आधी मनात पक्के होई आणि मगच काच ओली होई.

पुढे ही ओझी एकेक करून उतरत गेली. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स याने कोरड्या काचेचा मार्ग दाखवला. १८८८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन याने ‘कोडॅक’ कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर फोटोंची गुंडाळी आधीच भरलेली असे. ते संपले की कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा आणि फोटो तयार होऊन यायचे. १९०० मध्ये त्याच कंपनीचा ‘ब्राउनी’ कॅमेरा एका डॉलरला मिळू लागला. १९२५ मध्ये जर्मनीचा ‘लायका’ आला. तो सिनेमाच्या फिल्मवर चाले आणि कोटाच्या खिशात मावे. मग १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने फिल्मविना चालणारा कॅमेरा जुळवला. एक फोटो टेपवर साठवायला त्याला २३ सेकंद लागत. आज तेच तत्त्व आपल्या खिशातल्या फोनात आहे. आणि ज्या कंपनीत ते जन्मले, त्या कोडॅकलाच २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला!

फोटो स्वस्त झाला हे चांगलेच झाले. पण स्वस्ताईबरोबर तो आधीचा विचारही गळून गेला. एकाच प्रसंगाचे चाळीस फोटो निघतात, पण एकाही वेळी माणूस दोन पावले पुढे जात नाही. तिसरी गोष्ट ही, जवळ जाण्याची. फोनच्या पडद्यावर दोन बोटे फाकवून चित्र मोठे केले की आपण जवळ गेलो असे वाटते. बहुतेक वेळा तसे नसते. यंत्र फक्त मधला तुकडा कापून ताणते आणि चित्र भरड होते. खरे भिंग म्हणजे आपले पाय. आधी भिंग स्वच्छ सुती कापडाने पुसा, मग चालत जवळ जा. चौकटीत जे नको ते बाहेर राहू द्या.

जवळ जाऊन काय साधते, याचा एक गंभीर दाखला देतो. १९१९ च्या एप्रिलात अमृतसरच्या जालियनवाला बागेत जे घडले ते आपण जाणतोच. त्यानंतर त्याच वर्षी नारायण विनायक विरकर या मराठी फोटोग्राफरने तिथे जाऊन फोटो घेतले. भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आणि त्या खुणांजवळ उभी असलेली माणसे असे ते फोटो आहेत. नुसत्या भिंतीचा फोटो घेतला असता, तर खुणा किती उंचीवर आहेत हे कसे कळले असते? शेजारी माणूस आहे, म्हणून पाहणाऱ्याला समजते की गोळी छातीच्या उंचीला लागली की डोक्याच्या. तिथे फोटो हा साक्षीदार झाला. आपल्या गावचा पडलेला बांध असो, विहिरीची खोली असो, की पुराचे पाणी कुठवर आले ती खूण असो, शेजारी माणूस उभा करून फोटो घ्यावा. पुढे कोणी शंका घेतली तरी चित्र बोलेल.

चौथी गोष्ट जपणुकीची, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. दाग्येरचे चित्र सुंदर असे, पण ते एकुलते एक. पत्रा हरवला की संपले. त्याच सुमारास इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने निराळी वाट काढली. त्याने कागदावर आधी उलट छायेचे चित्र घेतले, काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे, आणि त्यावरून हव्या तितक्या प्रती काढल्या. यालाच आपण निगेटिव्ह म्हणतो. चित्राच्या अनेक प्रती निघू शकतात, ही गोष्ट साधी दिसते. पण तिचे मोल आपल्या अजिंठ्याने पाहिले आहे.

मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याकरिता आला. वर्षानुवर्षे त्या लेण्यांत बसून त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला उतरवल्या. त्या विलायतेला गेल्या, लंडनजवळ सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळून खाक झाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हा नकला करविल्या; त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनच्या दुसऱ्या एका आगीत गेल्या. दोन पिढ्यांची मेहनत दोन आगींनी खाल्ली! पण गिलने १८५६ च्या सुमारास कॅमेराही हाती घेतला होता. अजिंठा-वेरूळच्या वास्तूंचे त्याचे फोटो १८६४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांच्या प्रती अनेक ठिकाणी गेल्या होत्या, म्हणून ते फोटो आजही पाहायला मिळतात. चित्रे एका जागी होती, ती गेली; फोटो अनेक जागी होते, ते राहिले.

आता आपल्या घराकडे पाहा. भिंतीवरच्या जुन्या तसबिरीला ओल लागते, कसर लागते. फोन पडतो, बिघडतो, चोरीला जातो आणि त्याबरोबर दहा वर्षांचे फोटोही जातात. म्हणून जो फोटो मोलाचा वाटतो त्याची एक प्रत छापून घ्या आणि दुसरी नातेवाइकाकडे किंवा दुसऱ्या यंत्रावर ठेवा. दोन जागा हव्यात, एक नको. जुन्या तसबिरीवरून नवी प्रत करायची असेल, तर तसबीर सावलीत सपाट ठेवा, फोन तिच्या बरोबर समांतर धरा आणि फ्लॅश बंद ठेवा. काच निघत असेल तर काढा. पण फोटो काचेला चिकटलेला असेल तर मुळीच ओढू नका.

आणि एक काम या आठवड्यातच करा. घरातले जुने फोटो काढून वडीलधाऱ्यांपाशी बसा आणि कोण कोण आहे ते विचारा. कुठल्या वर्षीचे, कुठल्या गावचे, कोणत्या प्रसंगाचे, हे सगळे मऊ पेन्सिलीने फोटोच्या पाठीमागे हलक्या हाताने लिहून ठेवा. शाळेने आपल्या जुन्या वर्गांच्या फोटोंसाठी अशी एक वहीच करावी आणि ती मुलांकडूनच भरून घ्यावी. पॅरिसच्या त्या रस्त्यावर थांबलेल्या माणसाचे चित्र आज सगळ्या जगाला माहीत आहे. पण त्याचे नाव काय होते, हे कोणालाच ठाऊक नाही. ते लिहून ठेवणारा कोणी नव्हता. आपल्या आजीच्या बाबतीत तसे होऊ नये. तिला ओसरीच्या कडेला बसवा, अंगणाकडे तोंड करा, जवळ जा, हात स्थिर ठेवा. आणि फोटो निघाला की त्याच्यामागे तिचे पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट, लिहा.